डोळा गप्प, बाटली पास

मित्रांनो, पापणी नाही, भुवई नाही, झोपेसाठी सुद्धा कधी मिटलो नाही, असा मी एक म्हातारा डोळा आहे. माणसाचा नव्हे, विजेचा. अंगठ्याएवढं काचेचं भिंग, त्यामागे उजेड ओळखणारी एक चकती आणि पाठीतून निघालेल्या दोन तारा, एवढंच माझं शरीर. मोहोपाड्याच्या एका औषधाच्या कारखान्यात मी चौदा वर्षं एकाच जागी बसलो आणि एकच गोष्ट बघितली. बाटलीची मान. समजा तुमचं वय आज चौदा आहे. तुम्ही पाळण्यात होता, रांगलात, शाळेत गेलात, दात पडून नवे आले, तेवढा सगळा वेळ मी मानाच बघत होतो. मग मी दमलो म्हणालो तर हसू नका.

माझा जन्म मुंबईत, एका गल्लीतल्या लहानशा वर्कशॉपात झाला. चष्मा लावलेल्या एका कारागिराने चिमट्याने धरून माझी चकती बसवली, भिंगावर फुंकर मारली आणि मऊ कापडाने मला पुसलं. इतकं जपून मला पुढे फारच थोड्यांनी हाताळलं. १९६९ च्या उन्हाळ्यात लाकडी खोक्यात पेंढा भरून, त्यात मला ठेवून, टेंपोतून पनवेलवरून मोहोपाड्याला आणलं. खोक्यावर लाल अक्षरात 'नाजूक' लिहिलं होतं. टेंपोवाल्याला बहुतेक वाचता येत नसावं.

कारखान्यात खोकल्याचं औषध बाटल्यांत भरत. काळपट, गोड, काढ्यासारखं. भरलेल्या बाटल्या रबरी पट्ट्यावरून एकामागून एक चालत येत. मी येण्याआधी त्या बाटल्या चार बायका तपासत. समोर पांढरा रंग दिलेला फळा, वर ट्यूबलाइट, आणि बायका दोन्ही हातांत एकेक बाटली धरून बघत. मानेपर्यंत भरली आहे ना, काही तरंगत नाही ना. मी आलो आणि त्यातल्या तिघींना रिकाम्या बाटल्यांवर लेबलं चिकटवायला पाठवलं. चौथी राहिली ती सुंदरा. पट्ट्याच्या शेवटी उभं राहून, आलेल्या बाटल्या खोक्यात भरायच्या, एवढंच तिच्याकडे उरलं. ती चौकच्या बाजूच्या एका गावातून रोज चालत यायची. चाळिशीची, किडकिडीत, आणि जिभेला धार. निदान तेव्हा तरी होती.

मला बसवलं चंदरने. चंदर कारखान्याचा वायरमन. कानामागे पेन्सिल, खिशात टेस्टर, आणि काम करताना स्वतःशीच बोलायची सवय. पट्ट्याच्या अलीकडे त्याने मला बसवलं आणि पलीकडे, बरोबर माझ्यासमोर, पत्र्याच्या टोपीत एक दिवा. टोपीला नखाएवढी फट. त्या फटीतून उजेडाची एक काडी निघायची आणि बाटलीच्या मानेतून माझ्याकडे यायची. बाटली पूर्ण भरलेली असली, तर मानेतलं काळं औषध उजेड अडवायचं आणि मला अंधार. बाटली अर्धवट असली, तर रिकाम्या मानेतून उजेड आरपार, आणि मला लख्ख दिसायचं.

पण दोन बाटल्यांच्या मधल्या फटीतूनही उजेड येणारच की. मग फट कुठली आणि अर्धी बाटली कुठली? म्हणून माझ्या शेजारी एक पितळी कांडी होती. बाटली आली की कांडीला धक्का लागायचा आणि ती सांगायची, 'आली.' कांडीची तार आणि माझी तार, दोन्ही एका राखाडी पेटीत जायच्या. कांडी म्हणाली 'आली' आणि त्याच क्षणी मी म्हणालो 'उजेड आहे', की पेटी ओळखायची, बाटली अर्धी आहे. मग पेटीतून बाहेर पडणारी तिसरी तार एका लोखंडी हाताला हुकूम द्यायची. टक. हात बाटलीला पट्ट्यावरून बाजूच्या ट्रेमध्ये ढकलायचा.

हे सगळं चंदरने सुंदराला समजावलं ते माझ्या देखत. तो जमिनीवर उकिडवा बसून पेटीतल्या तारा जुळवत होता.

"बग सुंदराबाय," तो म्हणाला, "ह्या पेटीला दोनच शब्द कळतात. तारेतनं वीज आली म्हंजे हाय. नाय आली म्हंजे नाय. अर्धं-मुर्धं, कदाचित, बगू या, असलं तिला कायबी कळत नाय."

"मग आमच्या मुकादमासारखीच की रं," सुंदरा म्हणाली.

लेबलवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चंदर पण हसला, आणि मागे मुकादम भिवाजी उभा आहे हे दिसल्यावर त्याने डोकं पेटीत घातलं.

भिवाजी माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण सबंध पट्ट्यावर चाळीस माणसं आणि तो एकटा. म्हणून त्याने एक नियम करून ठेवला होता. सकाळी पट्टा सुरू होण्याआधी तो ओरडून सांगायचा, "काय बिघाड असंल तर बोला. गप्प राह्यलात म्हंजे समदं बरं चाललंय, असं मी धरणार." आणि मग खरंच तसंच धरायचा.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही हा नियम आहे बरं का. गुरुजी गणित सोडवून झाल्यावर विचारतात, "समजलं का?" वर्ग गप्प. गुरुजी पुढचं गणित घेतात. आता ती शांतता समजल्याची होती की न समजल्याची, हे त्या फळ्याला विचारा.

चंदरने माझ्या ताराही ह्याच नियमाने जोडल्या होत्या. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, कारण सगळा कारखानाच त्या नियमाने चालायचा. मी बोललो तर बाटली वाईट. मी गप्प राहिलो तर बाटली चांगली. ह्यात केवढा मोठा खड्डा होता ते मला दिसत होतं. पण मला विचारतो कोण? मला दोनच शब्द येत होते, आणि त्यातला एक न बोलूनच बोलायचा होता.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. मुंबईचे साहेब आले की मला बघायला आणत. आमचे प्रधान साहेब, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, मुद्दाम एक अर्धी बाटली पट्ट्यावर ठेवायचे. टक. बाटली ट्रेमध्ये. पाहुणे माना डोलवायचे. हात माझा नव्हे, पण शाबासकी मला. तेव्हा मी तरुण होतो, मला ते आवडायचं.

माझ्यावर खरी माया होती ती सुंदराची. औषध गोड, बाटल्या चिकट, त्यामुळे पट्ट्याभोवती मुंग्यांची कायमची रांग. भरताना उडालेले थेंब माझ्या भिंगावर पडत, त्यावर धूळ बसे. सुंदरा जेवणाच्या सुट्टीत फडकं ओलं करून मला पुसायची. समोरच्या दिव्याची फटही पुसायची. पुसताना बोलायची, "बग रं बाबा नीट. तुज्यापायी तिघी लेबलाला गेल्या. आता तू तरी चुकू नको."

एक दिवस भिवाजीने ते बघितलं.

"ए सुंदरा, हात नको लावू. साहेबाची मशीन हाय ती. जळली बिळली तर तू भरून देशील काय?"

"अवो, मुंग्या शिरतात त्यात."

"मुंग्या बगायला नागू हाय. तुजं काम खोका भरायचं."

नागू म्हणजे तेलपाणी करणारा. पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्यांनी अधू, शांत माणूस. दर शनिवारी दिव्याची टोपी उघडून आतून साफ करायची, असं त्याला सांगितलं होतं. दोन-तीन शनिवार त्याने केलंही. मग गुडघे दुखायला लागले, आणि कुणी विचारलं नाही, म्हणून राहून गेलं. न विचारलेली कामं अशीच मरतात.

सुंदराने फडकं खाली ठेवलं ते ठेवलंच. माझ्यासमोरचं जग हळूहळू तपकिरी होत गेलं.

१९७४ सालातला तो मंगळवार होता. चंदर आठ दिवसांच्या रजेवर गेला होता. सकाळी नऊच्या सुमारास समोरच्या दिव्यात काहीतरी चमकलं, आणि मग अंधार. दिव्यातली तार तुटली होती. टोपी बंद, फट बारीक, त्यामुळे दिवा गेल्याचं बाहेरून कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. दिसलं फक्त मला. म्हणजे, दिसलं नाही. मला अंधार दिसला, आणि अंधार म्हणजे भरलेली बाटली. कांडी म्हणायची 'आली', मी गप्प. पास. 'आली', मी गप्प. पास.

नेमकं त्याच दिवशी भरणाऱ्या मशिनीची एक तोटी मुंग्या आणि साखरेने तुंबली होती. सहा तोट्यांतली एक. म्हणजे दर सहावी बाटली अर्धी. ती माझ्यासमोरून जायची आणि मी तिला अडवू शकत नव्हतो. तुमच्या देखत कुणी चुकीच्या गाडीत चढतंय आणि तुमच्या तोंडाला कापड बांधलंय, असं समजा. तसे ते दोन दिवस गेले.

सुंदराच्या मात्र कानाला कळलं. दुपारी ती भिवाजीजवळ गेली.

"मुकादम, सकाळधरनं एकदाबी टक नाय झाला."

"मग बरंच हाय की. माल चांगला येतोय."

"रोजचे धा-बारा तरी होतात. मी बाटल्या उजेडाला धरून बगू काय?"

भिवाजीने कमरेवर हात ठेवले. "डोळा कशाला बसवलाय मंग? तुजा डोळा त्याच्यापरीस जास्ती हाय काय? असं कर, तूच जाऊन बस त्याच्या जागी, त्याला घालतो खोके भरायला."

लेबलवाल्या बायका हसल्या. ह्या वेळी सुंदरावर. तिने खाली बघितलं, परत जागेवर आली आणि खोके भरू लागली. बाटल्या कागदाच्या पुठ्ठ्यात उभ्या जायच्या, वरून फक्त बूच दिसायचं. हात वेगाने चालायचे. एखादी बाटली हातात हलकी लागली तर ती क्षणभर थांबायची, भिवाजीकडे बघायची आणि खोक्यात ठेवायची. तेवढं मी ऐकलं, खोक्याच्या लयीतली ती खोट. सुंदरा त्या दिवसापासून बोलायची कमी झाली.

गुरुवारी सकाळी नागू मुंग्यांच्या मागे मागे टोपीपर्यंत आला. टोपी उघडली. आत काळा पडलेला दिवा. त्याने इकडेतिकडे बघितलं, स्टोअरमधून नवा दिवा आणला, घाईने बसवला, टोपी लावली. मला एकदम उजेड. मी इतका बोललो त्या दिवशी, टक, टक, टक, की भिवाजीने तोटी तपासायला माणूस पाठवला आणि तोटी साफ झाली. भिवाजी म्हणालाही, "बगा, डोळा कसा बरोबर सांगतो." नागूने कुणाला काही सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही त्याला. आणि कसं सांगणार? सांगितलं तर शनिवारची साफसफाई का केली नाही, हे निघणार.

आता मोजा मित्रांनो. मी गप्प, सुंदरा गप्प, नागू गप्प. तिघांच्या तीन शांतता, तिघांची तीन कारणं, आणि मुकादमाच्या हिशेबी सगळ्यांचा अर्थ एकच. समदं बरं चाललंय.

तीन आठवड्यांनी कशेळ्याच्या दवाखान्यातून एक खोका परत आला. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. डोंगरातल्या वाडीवरून एक बाई दोन तास चालत खाली आली होती. पोराला पाच दिवस द्यायचं औषध दुसऱ्या दिवशीच संपलं, आणि दवाखान्यातले लोक तिलाच म्हणाले की तू जास्त पाजलंस. मग डॉक्टरांनी बाकीच्या बाटल्या बघितल्या. चोवीसपैकी चार अर्ध्या.

प्रधान साहेब स्वतः पट्ट्यापाशी आले. पट्टा बंद केला. एक अर्धी बाटली त्यांनी माझ्यासमोर धरली. टक. मी बरोबर अडवली. आणि तिथेच घोटाळा झाला.

"मशीन तर ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग बाटल्या अर्ध्या कुठे झाल्या?"

भिवाजी म्हणाला, "साहेब, मशिनीनंतर एकच हात लागतो. खोके भरणारीचा."

सगळे सुंदराकडे बघू लागले. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "तिच्या नातवाला खोकला हाय म्हणं." ते खरं होतं. त्या महिन्यात निम्म्या तालुक्याला खोकला होता.

"सुंदराबाई, तुम्ही बाटल्या उघडल्यात का?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी.

"नाय साहेब. त्या दिवशी मी मुकादमाला सांगितलं व्हतं, टक वाजत नाय म्हणून."

"काय सांगितलंस?" भिवाजी म्हणाला. "कुणी ऐकलं? ए बायांनो, ऐकलं काय कुणी?"

लेबलवाल्या बायकांनी हातातली लेबलं बघितली. मी सांगतो, हसल्या होत्या तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं. नागू तेलाचा डबा पुसत होता. पुसलेलाच डबा परत पुसत होता.

सुंदराने त्या सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. ती बोललीच नाही.

"गप्प बसली म्हंजे कबूल हाय," भिवाजी म्हणाला.

चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं साहेबांनी तिला सांगितलं. चौकशी कोण करणार, कधी करणार, ते नाही सांगितलं. तिने डोक्याला बांधलेलं कापड सोडलं, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि निघून गेली. नोकरी तर गेलीच, पण त्याहून वाईट, तिच्या नावाला चोरीचा डाग लागला. औषधचोर. गावात, नळावर, वाटेवर, तिला हे ऐकून घ्यावं लागणार होतं. आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. मी तिच्या रिकाम्या जागेकडे बघूही शकत नव्हतो, कारण माझी नजर एकाच दिशेला. मानेकडे.

चंदरला हे कळलं ते दुसऱ्या दिवशी. तो सरळ माझ्याकडे आला. "सुंदराबाय बाटली फोडायची नाय," तो स्वतःशी म्हणाला. "ह्या डोळ्याचंच कायतरी झालंय." त्याने टोपी उघडली, दिवा सोडवला आणि त्याचं पितळी बूड उलटं करून बघितलं. मग बराच वेळ बघत राहिला.

चंदरची एक सवय होती. कुठलाही दिवा बसवताना तो कानामागची पेन्सिल काढून दिव्याच्या पितळेवर तारीख लिहायचा. सबंध कारखान्यात एकही दिवा तारखेशिवाय नव्हता. ह्या दिव्यावर तारीख नव्हती.

"नागूमामा," त्याने हाक मारली. "हा दिवा कुणी बसवला?"

नागूने डबा खाली ठेवला. चंदर पुढे काहीच बोलला नाही. हात बांधून उभा राहिला आणि उत्तराची वाट बघत राहिला. मित्रांनो, वाट बघण्याला वेळ लागतो, म्हणून लोक बघत नाहीत. चंदरने बघितली.

"मी," नागू अखेर म्हणाला. "जुना गेला होता. कधी गेला होता ते मला ठावं नाय रं. शनिवारचं उघडायचं राहून गेलं माज्याकडनं. माजी नोकरी जाईल म्हणून नाय बोललो."

"आन् सुंदराबायची गेली ती?"

नागूच्या डोळ्यांत पाणी आलं. "चल," तो म्हणाला, "साहेबाकडं मीच येतो."

साहेब आले. चंदरने पट्टा सुरू केला, दिव्याच्या फटीवर अंगठा ठेवला आणि तीन रिकाम्या बाटल्या सोडल्या. एक गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. टक नाही.

"बगा साहेब," चंदर म्हणाला, "डोळा आंधळा झाला तरी पास, मेला तरी पास. त्याचा दोष नाय. आपणच त्याला सांगून ठेवलंय, तू गप्प बसलास तर चांगलं धरू. जोडणी माजी हाय. चूक माजी."

भिवाजी मान खाली घालून उभा होता. तो म्हणाला, "ती बोलली होती साहेब. टक वाजत नाय म्हणाली होती. मीच ते हसण्यावारी नेलं." हे त्याने कुणी विचारल्याशिवाय सांगितलं, म्हणून मी म्हणतो की माणूस वाईट नव्हता.

चंदरने खडूने फरशीवर नवी जोडणी काढली. बाटली आणि बाटली ह्यांच्या मधे फट असते. त्या फटीत उजेड दिसलाच पाहिजे. कांडी 'आली' म्हणत नसेल, तेव्हा मी 'उजेड हाय' असं म्हणायलाच हवं. नाही म्हणालो, तर दिवा गेला असेल, भिंग मळलं असेल, किंवा तार तुटली असेल. मग घंटा वाजणार आणि पट्टा थांबणार. थोडक्यात, प्रत्येक बाटलीनंतर मी जिवंत आहे का, हे पेटी मला विचारणार होती.

ह्यामुळे माझं काम दुप्पट झालं, खोटं कशाला बोलू. आधी माझं बोलणं दिवसातून दहा-बारा वेळाच मोजलं जायचं. आता हजारो वेळा. हाय. हाय. हाय. वर्गात दिवसभर एकच हजेरी चालू असावी आणि एकट्यानेच 'हजर' म्हणत राहावं, तसं. पण मी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. विचारलं जाणं बरं असतं.

भिवाजी स्वतः सुंदराच्या घरी गेला. ती दुसऱ्या दिवशी आली, पण जागेवर नाही गेली. साहेबांच्या समोर उभी राहिली. सगळा पट्टा कान टवकारून.

"साहेब, येते मी कामाला," ती म्हणाली. "पण ह्या डोळ्याला वायर हाय. कांडीला वायर हाय. त्या लोखंडाच्या हाताला बी हाय. मला बी एक वायर द्या."

साहेबांना कळेना. "वायर कसली?"

"मी बोलले तर पट्टा थांबला पायजे. तोंडानं बोलले तर हसतात. वायरीनं बोलते."

भिवाजी पुटपुटला, "बाईच्या हातात खटका दिला तर दिवसातनं धा वेळा पट्टा थांबंल, साहेब."

"थांबू दे की," सुंदरा म्हणाली. "धा वेळा येऊन बगा. तुमचे पाय काय साखरेचे हायत?"

ह्या वेळी बायका हसल्या त्या भिवाजीवर, आणि तोही थोडा हसला.

प्रधान साहेबांनी चंदरकडे बघितलं. "पेटीत जागा आहे का?"

"एक हाय साहेब."

स्टोअरमध्ये योग्य खटका नव्हता. दाराच्या घंटीचं पांढरं बटण होतं, तेच चंदरने सुंदराच्या टेबलाला ठोकलं. पेटीच्या आत तो प्रत्येक तारेखाली पेन्सिलने नाव लिहायचा. पहिल्या तारेखाली 'डोळा' होतं, दुसरीखाली 'कांडी'. ह्या नव्या तारेखाली त्याने लिहिलं, 'सुंदरा'.

अकरा दिवस तिने बटणाला हात लावला नाही. बाराव्या दिवशी सकाळी अचानक घंटा वाजली आणि पट्टा थांबला. सगळा कारखाना एकदम शांत. बाटली पूर्ण भरलेली होती, मी ती पास केली होती, मला काहीच दिसलं नव्हतं. भिवाजी लांब ढांगा टाकत आला. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो सुंदरासमोर येऊन थांबला.

"काय झालं गं?" त्याने विचारलं. आणि मग गप्प उभा राहिला, तिचं उत्तर येईपर्यंत.

सुंदराने बाटली उलटी करून ट्यूबलाइटसमोर धरली. काळ्या औषधातून काचेचा एक बारीक कपचा सावकाश खाली येत होता. मान आतून फुटली होती. त्या दिवशी मागचे सगळे खोके उघडले. आणखी सात बाटल्या निघाल्या. त्यांतली काच कुणा पोराच्या घशात गेली असती. बायका लेबलं ठेवून आल्या आणि सुंदराबरोबर उभ्या राहून बाटल्या उजेडाला धरू लागल्या, जुन्या दिवसांसारख्या.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बरोबर काम केलं. भिंग पुसायचं काम परत सुंदराकडे आलं, आता हुकमाने. नागूने पेन्शनपर्यंत एकही शनिवार चुकवला नाही, गुडघ्याला तेल लावून यायचा. पण माझी चकती मंद होत गेली. उजेड असूनही मला अंधुक दिसायचं, मग मी उगाच गप्प व्हायचो, घंटा वाजायची, पट्टा थांबायचा, लोक वैतागायचे. १९८३ साली एक नवा, लहान, चकचकीत डोळा आला. चंदरने माझ्या दोन्ही तारा सोडवल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी काही विचारत नव्हतं.

आता मी स्टोअरच्या मागच्या फळीवर आहे, गंजलेल्या तोट्यांच्या शेजारी. भिंगावर धुळीचा थर आहे. पुसा असं मी म्हणणार नाही, कारण पुसून दिसण्यासारखं समोर काही नाही, भिंत आहे. पण मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, शेतावर जी यंत्रं तुमच्यासाठी राबतात, त्यांना वेळेवर पुसा, तेल द्या, आणि ती चालू आहेत असं धरून चालू नका, बघा. आणि माणसांच्या बाबतीत तर त्याहून जास्त. घरात जी ताटं वाढते आणि काही बोलत नाही, वर्गात जो मागच्या बाकावर बसतो आणि हात वर करत नाही, ज्या मुलीला सगळ्यांसमोर विचारतात आणि ती खाली बघते, त्यांच्या वतीने उत्तर ठरवून टाकू नका. जवळ जाऊन विचारा. विचारल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.

मला एवढंच सांगायचं होतं. आता मी गप्प बसतो, आणि ह्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा धरू नका. अर्थ इतकाच, की मी फार दमलो आहे.